लातूर दीर्घ, लातुरात ह्रस्व : उच्चाराचे तुकडे आणि आघात



आजचा विषय ऐकून एका स्नेह्याने मला विचारले, "पहिली वेलांटी की दुसरी वेलांटी, हे ऐकायला उन्हाळ्याच्या संध्याकाळी कोण येणार?" प्रश्न रास्त होता. ह्रस्व-दीर्घ म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना शाळेची छडी तरी आठवते, नाहीतर वहीवरची तांबडी शाई. पण हा विषय वाटतो तितका शाळेपुरता नाही. माणसाने लिहावे की लिहू नये, इथपर्यंत त्याची मजल जाते. म्हणून आधी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

मी आठवीत असताना माझी एक मावशी आम्हाला पत्रे लिहीत असे. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण हौस मोठी. पावसाची खबर, गाय व्याल्याची खबर, कोणाचे लग्न ठरले त्याची खबर, सगळे त्या निळ्या अंतर्देशीय पत्रात दाटीवाटीने बसवलेले असे. एका पत्रात तिने "लातूरात" असे लिहिले होते, "बहीणीला" असे लिहिले होते, आणखीही चारसहा ठिकाणी उकार-वेलांट्या चुकल्या होत्या. नुकतेच व्याकरण शिकलेला मी! तिचे पत्र तांबड्या शाईने दुरुस्त केले आणि माझ्या उत्तरासोबत मोठ्या ऐटीने परत पाठवले. त्यानंतर मावशीचे पत्र आले ते दुसऱ्याच्या हातचे. पुढे ती नेहमी कोणाकडून तरी लिहवून घेई. स्वतःच्या हाताने तिने मला पुन्हा कधी लिहिले नाही.

मी तिला चूक दाखवली, पण चूक का आहे हे सांगितले नाही. कारण ते मलाही ठाऊक नव्हते. मला नियम पाठ होता, एवढेच. आज मला जे सांगायचे आहे ते थोडक्यात असे : मराठीतले ह्रस्व-दीर्घाचे बहुतेक नियम मुळात कानाचे नियम आहेत. मावशी "लातुरात" हा शब्द तोंडाने बिनचूक बोलत होती. तिला कोणी तो ऐकायला शिकवला असता, तर लिहिण्यातही ती चुकली नसती. हे ऐकणे कसे करायचे, एवढेच आज पाहू.

लिहिलेले अक्षर आणि बोललेला तुकडा

सुरुवात आपल्या गावाच्याच नावापासून करू. "नायगाव" या शब्दात अक्षरे किती? बालवाडीतले पोरही सांगेल, चार : ना, य, गा, व. आता हनुवटीखाली हाताची पालथी बाजू धरा आणि हा शब्द सहज, बोलल्यासारखा म्हणा. हनुवटी किती वेळा खाली आली? दोनदाच. नाय्-गाव्. कागदावर चार, तोंडात दोन.

हा जो तोंडातला तुकडा, एका दमात, एका स्वराभोवती उच्चारला जाणारा, त्याला भाषाशास्त्राचे पंडित "अक्षर"च म्हणतात. पण आपण अक्षर म्हणतो ते कागदावरच्या चिन्हाला. घोटाळा नको म्हणून आजच्यापुरते त्याला नुसते "तुकडा" म्हणू. तुकडे मोजण्याचा नियम सोपा आहे. जितके स्वर खरोखर ऐकू येतात तितके तुकडे. व्यंजने कितीही असोत, ती शेजारच्या स्वराच्या आधाराने राहतात.

आसपासची गावे घेऊन पाहा. "नांदेड" : नान्-देड्, दोन तुकडे. "मुखेड" : मु-खेड्, दोन. "कंधार" : कन्-धार्, दोन. "बिलोली" : बि-लो-ली, तीन. "धर्माबाद" : धर्-मा-बाद्, तीन. बिलोलीत लिहिलेली अक्षरे आणि बोललेले तुकडे सारखेच आहेत, कारण तिथे प्रत्येक अक्षराला ठळक स्वर आहे. बाकीच्या नावांत अक्षरे जास्त आणि तुकडे कमी. का? शेवटच्या अक्षरातला "अ" आपण लिहितो, पण बोलत नाही.

निजलेला अ

देवनागरीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात "अ" गृहीत असतो. संस्कृतात तो सर्वत्र उच्चारला जातो. मराठी बोलताना मात्र शब्दाच्या शेवटचा "अ" निजतो. घर म्हणजे घर्, बैल म्हणजे बैल्, कापूस म्हणजे का-पूस्. "भक्त", "कृष्ण" अशा जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दांत तो थोडा डोळे उघडे ठेवतो, कारण दोन व्यंजने आधारावाचून उच्चारणे अवघड जाते.

शब्दाच्या मधला "अ" देखील पुष्कळदा निजतो. "करणे" आपण क-र-णे असे म्हणत नाही, कर्-णे म्हणतो. "सरकार" हा सर्-कार् होतो. आणि मौज अशी की तोच "अ" एका शब्दात निजतो नि त्याच्याच भावंडात जागा राहतो. "समज" म्हणजे स-मज्. पण "समजूत" म्हणजे सम्-जूत्. पहिल्या शब्दात "म" मधला अ जागा आहे, दुसऱ्यात तो निजला. कारण शोधायचे तर शब्द शेवटून मोजत यावे. "समज" मध्ये शेवटचा अ निजला, म्हणून त्याच्या आधीच्याला जागे राहणे भाग पडले. "समजूत" मध्ये शेवटचा अ निजला, त्याआधी भरदार "जू" उभा राहिला, मग "म" मधल्या अला निजायला मोकळीक मिळाली. लागून दोघे निजत नाहीत, हा साधारण नियम. आजकाल मोबाइलमधले यंत्र मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. ज्यांनी असे यंत्र घडवले त्यांनाही कोणता अ निजवायचा आणि कोणता जागा ठेवायचा हे आधी त्या यंत्राला शिकवावे लागले. आपण ते आईच्या मांडीवर शिकलो, म्हणून शिकल्याची आठवण नाही इतकेच.

हा निजलेला अ पुन्हा जागा होतो तो गाण्यात. संत नामदेवांची नरसी हिंगोलीकडची. आपल्या शेजारची नरसी निराळी, तरी नाव एकच असल्याने आपल्याला थोडी जास्त जवळीक वाटते. नामदेवांनी ज्या अभंगाला घराघरांत नेले त्याची मोठी जात सहा, सहा, सहा आणि चार अशा अक्षरांची असते. लहान जातीत आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. ही मोजणी लिहिलेल्या अक्षरांची आहे, बोललेल्या तुकड्यांची नव्हे. म्हणून विणेकरी "विठ्ठल" म्हणतो तेव्हा शेवटचा "ल" पूर्ण उच्चारून त्याला त्याची मात्रा देतो. जालना जिल्ह्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात रचले. त्यात प्रत्येक चरणात बारा अक्षरे, आणि एक लघु दोन गुरू असा क्रम चार वेळा. तो म्हणताना एकही अ निजू देता येत नाही. निजला की चाल लंगडते. तात्पर्य, आपल्याजवळ मराठीचे दोन उच्चार आहेत, एक बोलण्याचा आणि एक गाण्याचा. लेखनात अक्षरे गाण्याइतकी येतात, पण ह्रस्व-दीर्घ ठरते ते बोलण्यावरून.

भार कोठे पडतो

आता मुद्द्याच्या गाठीला हात घालू. शब्दातले सगळे तुकडे सारख्या वजनाचे नसतात. आवाज एखाद्या तुकड्यावर जरा टेकतो, रेंगाळतो. त्याला आघात म्हणावे. मराठीत तो इंग्रजीसारखा ठोसा देऊन येत नाही, सौम्य असतो. पण असतो, आणि वेलांटी-उकाराचे पुष्कळसे भवितव्य तोच ठरवतो.

मोंढ्यातले शब्द घ्या. "तूर" : एकच तुकडा, तूर्. शेवटचा अ निजलेला, त्यामुळे सगळा भार "ऊ"वर. तो लांबणारच. म्हणून उकार दीर्घ. आता "तुरीचा भाव" म्हणा. तु-री-चा. पुढे "री" आला, "चा" आला, भार पुढे सरकला, "तु" आखडला. म्हणून उकार ह्रस्व. तसेच मूग, पण मुगाची डाळ. ऊस, पण उसाची मोळी. दूध, पण दुधात पाणी. वीट, पण विटेचा भट्टा. कपाशीला "कीड" लागते, पण बोंडात दिसतो तो "किडा". एक तुकडा असताना स्वर लांब, पुढे दीर्घ स्वर आला की आखूड.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यांतले ह्रस्व-दीर्घाचे मुख्य नियम आता वाचून पाहा. शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार दीर्घ लिहावा. अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार-उकार दीर्घ लिहावा : गरीब, वकील, बहीण, सून. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य इकार-उकार ह्रस्व : विळी, पिसू, सुरू. आणि विभक्ती लागताना सामान्यरूप झाले की उपान्त्य दीर्घ ह्रस्व होतो : गरिबाला, वकिलाला, बहिणीला, सुनेला. शाळेत हे चार नियम चार पाठांतरे म्हणून येतात. आपण आता जे ऐकले त्यावरून ते एकच आहेत. व-कील् म्हणताना भार "की"वर आहे. व-कि-ला-ला म्हणताना तो पुढे गेला. नियम करणाऱ्यांनी तो नव्याने काढला नाही. लोकांच्या तोंडात होता तोच त्यांनी कागदावर नोंदला.

आता माझ्या मावशीचा शब्द. "लातूर" : ला-तूर्. शेवटचा तुकडा बंद, भार त्याच्यावर, उकार दीर्घ. "लातुरात" : ला-तु-रात्. "तूर्" हा बंद तुकडा फुटला, त्यातला र पुढच्या तुकड्यात गेला, भार "रात्"वर जाऊन बसला आणि "तु" हलका झाला. म्हणून ह्रस्व. देगलूर-देगलुरात, माहूर-माहुरात, नागपूर-नागपुरात, सगळ्यांची एकच कथा.

पण "मी उद्या लातूरला जातो" यात उकार दीर्घच राहतो. का? म्हणून पाहा : ला-तूर्-ला. इथे "ला" सरळ नावाला चिकटला, "तूर्" हा तुकडा मोडलाच नाही. एकाच गावाचे नाव, "लातूरला" मध्ये दीर्घ आणि "लातुरात" मध्ये ह्रस्व! पाठांतर करणाऱ्याला हा जुलूम वाटतो. तुकडे पाडणाऱ्याला तो नियमाचा सरळ परिणाम दिसतो.

भार नाहीसा झाला तर स्वराची गत याहूनही बिकट होते. "कापूस" म्हणताना का-पूस्. पण भाव कशाचा? कापसाचा. काप्-सा-चा. मधला ऊ आखडून थांबला नाही, विरूनच गेला. अलीकडे "का" जड, पलीकडे "सा" जड, मधल्याला श्वास घ्यायला जागा उरली नाही. लाकूड-लाकडाचा, पाऊस-पावसाचा, बेरीज-बेरजेत, हे याच मार्गाने गेले. गावांच्या नावांच्या बाबतीत आपण इतके पुढे जात नाही. लातूरचे "लातरात" करत नाही, कारण नाव ओळखू आले पाहिजे. ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर १९२० साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. मराठी स्वराचे लहानमोठेपण शब्दातल्या त्याच्या जागेवर कसे अवलंबून असते, याची चर्चा तिथे सापडते. कोठला पॅरिसचा विद्वान आणि कोठला आपल्या मोंढ्यातला कापूस. पण कान एकच.

स्पॅनिश भाषेची तऱ्हा

हा प्रकार एकट्या मराठीचा आहे असे मात्र नाही. स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतले बहुतेक देश ज्या स्पॅनिश भाषेत बोलतात तिचे लेखन याच पायावर उभे आहे. माद्रिदला १७१३ साली तिच्यासाठी एक अकादमी स्थापन झाली. तिने कालांतराने पक्के केलेले नियम इतके सुटसुटीत आहेत की आपण ते आत्ता इथे शिकू शकू.

शब्दाचे तुकडे पाडा. शब्द स्वराने, "न"ने किंवा "स"ने संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. इतर कोणत्याही व्यंजनाने संपत असेल तर आघात शेवटच्या तुकड्यावर. शब्द हा नियम पाळत असेल तर काहीही खूण करू नका. पाळत नसेल, तेवढ्यापुरती आघाताच्या स्वरावर एक तिरकी रेघ द्या. संपले. म्हणजे खूण ही अपवादाची आहे. नियमाला खुणेची गरज नाही.

आता उदाहरण. स्पॅनिशमध्ये गाण्याला म्हणतात "कान्स्योन". कान्-स्योन्, दोन तुकडे. शेवटी "न" आहे, तेव्हा नियमाने आघात पहिल्या तुकड्यावर हवा. पण लोक तो शेवटी देतात. म्हणून शेवटच्या स्वरावर रेघ. अनेकवचन होते "कान्स्योनेस" : कान्-स्यो-नेस्. एक तुकडा वाढला. आघात होता त्याच "स्यो"वर राहिला, पण आता तो शेवटून दुसरा झाला, नियमात बसला. म्हणून रेघ गळाली. उलट, तरुण माणसाला म्हणतात "खोवेन". खो-वेन्, आघात "खो"वर, नियमाप्रमाणे, रेघ नको. अनेकवचन "खोवेनेस" : खो-वे-नेस्. आघात "खो"वरच राहिला, पण तो आता शेवटून तिसरा. म्हणून रेघ आली.

लातूर आणि लातुरात यांचीच ही दूरदेशीची भावंडे नव्हेत काय? शब्दाला शेपूट लागले, तुकड्यांची संख्या बदलली आणि लेखनातली खूण बदलली. फरक इतकाच की स्पॅनिशमध्ये आघात जागचा हलत नाही, त्याचा हिशेब बदलतो. मराठीत भारच पुढे सरकतो आणि मागचा स्वर आखूड होतो. तिकडच्या पोरांनाही रेघ चुकली तर मार्क कमी मिळतात. पण त्यांना आधी टाळ्या वाजवून तुकडे पाडायला शिकवतात आणि मग रेघ शिकवतात. क्रम महत्त्वाचा आहे.

आचार्य आणि आचारी

आघात चुकला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. स्पॅनिशमध्ये "पापा" म्हणताना आघात पहिल्या तुकड्यावर दिला तर दक्षिण अमेरिकेत त्याचा अर्थ होतो बटाटा. दुसऱ्यावर दिला तर होतो बाप. रेघ विसरलेल्या मुलाने घरी पत्र लिहिले तर "प्रिय बटाटा" अशी सुरुवात व्हायची!

आपल्याकडेही याहून गंभीर कथा आहे. इंद्राचा नाश करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला. त्यातला "इंद्रशत्रु" हा शब्द चुकीच्या स्वरात उच्चारला गेला. एका स्वराने त्याचा अर्थ इंद्राला मारणारा, दुसऱ्या स्वराने ज्याला मारणारा इंद्र आहे असा. झाले भलतेच, आणि वृत्र मारला गेला. व्याकरण का शिकावे, हे सांगताना पतंजलीने महाभाष्यात याच कथेचा हवाला दिला आहे. वेदातले ते उदात्त-अनुदात्त स्वर मराठीत उरले नाहीत. पण आघाताने अर्थ बदलण्याची एक जागा मात्र आजही आपल्या लेखनात शिल्लक आहे, आणि तिच्यासाठी आपण एक खास खूणही ठेवली आहे.

ती खूण म्हणजे "ऱ्य" मधला अर्धा र. "आचार्यांना बोलवा" आणि "आचाऱ्यांना बोलवा", ही दोन वाक्ये म्हणून पाहा. पहिल्यात आ-चार्-यां-ना. रफार आहे; र मागच्या तुकड्यात गेला, "चार्" बंद झाला, आवाज त्याच्यावर आपटला. दुसऱ्यात आ-चा-ऱ्यां-ना. र पुढच्या तुकड्यात राहिला, मागे धक्का बसला नाही. या मंडपातून कोणी चिठ्ठी लिहिताना ही खूण चुकवली, तर व्यासपीठावर स्वयंपाकी येऊन बसेल आणि चुलीपुढे पंडित! तसेच "दर्या" म्हणजे समुद्र, दर्-या. "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या घळी, द-ऱ्या.

छंदःशास्त्रातही हाच भेद आहे. जोडाक्षरामागचे ह्रस्व अक्षर गुरू धरावे, असे आपण शिकलो. "भक्ती" मध्ये "भ" गुरू, कारण भक्-ती असा तो बंद तुकडा होतो. पण "तुझ्या" मध्ये "तु" लघुच, कारण तु-झ्या म्हणताना मागे आघात पडत नाही. हा निर्णय डोळा देऊ शकत नाही. दोन्हींत जोडाक्षर आहेच. तो कानच देतो. "दिव्यात" हा शब्द पाहा. दिवा लावण्याच्या दिव्यात दि-व्यात्. जिवावरच्या दिव्यात दिव्-व्यात्. इथे लेखनात खूण नाही, कानावरच सारे सोपवले आहे. र च्या बाबतीत तेवढी खूण आहे, तर ती जपावी. "शेतकऱ्यांना" ऐवजी पाटीवर रफार देऊन लिहिले म्हणजे वाचणाऱ्याने शेत्-कर्-यां-ना असे वाचावे काय? ज्याच्यासाठी पाटी लावली, त्याचेच नाव तिच्यात मोडलेले असावे, हे बरे नाही.

कान कोठे अपुरा पडतो

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कान सगळीकडे पुरत नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपला मूळचा वेष सोडत नाहीत. "गुण" आपण बोलताना लांबवतोच, तूर-मूग म्हणतो तसेच. पण लिहायचे "गुण", कारण संस्कृतात तो ह्रस्व आहे. "विष", "मंदिर", "मधुर" तसेच. उलट "परीक्षेला" मध्ये भार पुढे गेला तरी "री" दीर्घच, कारण मूळ शब्द तसा. हे पाहुणे आहेत, त्यांची यादी पाठ करावी लागते, दुसरा उपाय नाही. १९६२ च्या नियमांनी यांतही एक वाट सोपी केली. अंती येणारा इकार-उकार पाहुण्यांचाही दीर्घ लिहायचा, म्हणजे कवी, गुरू. शेवटचा स्वर आपण लांबवतोच. तिथे पाहुण्याने घरच्यासारखे वागावे, असे ठरले.

याच नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आपल्या गावाची जुनी पाटी "नायगांव" अशी असते, नवी "नायगाव" अशी. ग्राम या शब्दातल्या म ची ती आठवण होती. नाकातला तो उच्चार बोलण्यातून गेला, मग टिंबही गेले. जुनी पाटी अडाण्याची नव्हे, ती जुन्या नियमाची आहे. पण "घरात" म्हणजे एका घरात आणि "घरांत" म्हणजे पुष्कळ घरांत, हा भेद ऐकू येतो, म्हणून ते टिंब राहिले.

आपल्या भागाचा कान

शेवटी मराठवाड्याविषयी, आणि विशेषतः या सरहद्दीच्या भागाविषयी. आपल्याकडचे लोक "अशुद्ध" लिहितात, असा एक शेरा आपण पुष्कळदा ऐकतो, आणि खाली मान घालतो. मान घालण्याआधी इतिहास पाहावा.

आपल्या पणजोबांचे कागद मोडीत आहेत. मोडीत पहिली-दुसरी वेलांटी आणि पहिला-दुसरा उकार हा भेद सहसा पाळला जात नसे. शेकडो वर्षे जमिनीचे, सावकारीचे, कारभाराचे व्यवहार त्यावर चालले, आणि ते समजले. कारण ह्रस्व-दीर्घ वाचणाऱ्याच्या कानात होते. पुढे निजामाच्या राज्यात उर्दूचे शिक्षण आले. हैदराबादला १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू होते. उर्दू लिहिताना जेर, जबर, पेश या ह्रस्व स्वरांच्या खुणा सामान्यतः देत नाहीत. वाचणारा त्या मनाने भरतो. मराठी बोलण्यापेक्षा जास्त स्वर लिहिते, उर्दू कमी लिहिते. ज्या पिढीने अशा शाळांत धडे गिरवले, तिला वेलांटीचे महत्त्व डोळ्याने शिकण्याची संधीच फारशी मिळाली नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली, १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, आणि दोनच वर्षांनी शुद्धलेखनाचे नियम आले. म्हणजे आपल्या वाडवडिलांना दोन तपांच्या आत लिपी, माध्यम आणि नियम असे तिन्ही नवे शिकावे लागले.

शिवाय शेजारी तेलुगू. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या बाजारात दोन्ही भाषा कानावर पडतात. तेलुगूला व्यंजनाने संपणारा शब्द फारसा रुचत नाही. तिथे बसचे "बस्सु" होते, कारचे "कारु". म्हणजे मराठी जिथे शेवटचा स्वर निजवते, तिथे तेलुगू नवा स्वर जागवते. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला "तूर" हा एक तुकडा आहे हे आपोआप ऐकू येईलच असे नाही. त्याची चूक आळसाची नाही. त्याचा कान दुसऱ्या घरचा आहे. त्याला तुकडे पाडून दाखवले तर तो आपल्या मुलांपेक्षाही लवकर शिकतो, कारण दोन घरांतला फरक त्याला माहीत असतो.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना एकच विनंती. मूल ह्रस्व-दीर्घात अडखळले की आधी त्याला तो शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. टाळी वाजवून तुकडे मोजू द्या. शेवटचा अ निजला आहे का, आवाज कोठे टेकतो, हे त्यालाच ओळखू द्या. मग लेखणी हातात द्या. जे संस्कृत पाहुणे कानाला सापडत नाहीत, त्यांची यादी वेगळ्या वहीत, रोज पाचपाच शब्दांची. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे पत्र, चिठ्ठी, आता मोबाइलवरचा निरोप, त्यात चूक दिसली तर ती दुरुस्त करण्याआधी त्यात लिहिलेली खबर वाचा आणि तिचे उत्तर द्या. नियम हवेत, ते मी नाकारत नाही. सर्वांचे लेखन सर्वांना कळावे म्हणून ते हवेत. पण जो नियम माणसाच्या हातातली लेखणी काढून घेतो, त्याने आपले कामच केले नाही.

मावशी आता नाही. तिचे ते पत्र, माझ्या तांबड्या शाईसकट, तिच्या ट्रंकेत सापडले. चुका मोजल्या. "लातूरात" आणि "बहीणीला" धरून एकूण सात. त्यांतल्या पाच अशा होत्या की एकदा मोठ्याने म्हणून पाहिल्या असत्या, तर तिच्या तिलाच सापडल्या असत्या. मला तेव्हा हे ठाऊक असते, तर तिच्याशेजारी बसून मी एवढेच म्हटले असते, "मावशी, लातुरात म्हणून पाहा बरे, सावकाश."